विद्यापीठाची उघडी वही

विद्यार्थ्यानें निबंध लिहावा, गुरुजींनीं तांबड्या शाईनें त्यांतील चुका दाखवाव्या, कोपऱ्यांत गुण मांडावे आणि वर्षअखेर ती वही रद्दीवाल्याच्या तराजूंत जावी, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटतच नाहीं. वीस वर्षांच्या मुलानें महिनाभर खपून लिहिलेल्या मजकुराला जगांत एकच वाचक मिळतो, आणि तोही वाचतो तो पगारासाठीं.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हा क्रम मोडण्याचें एक साधन विद्यापीठांच्या हातीं आलें. इंग्रजींत त्याला ब्लॉग म्हणतात. मराठींत ‘अनुदिनी’ हा शब्दही त्यासाठीं वापरला जातो. संगणकाच्या जाळ्यावर ठेवलेली, तारीखवार लिहिलेली, सर्वांत ताजा मजकूर सर्वांत वर दाखविणारी आणि वाचकालाही खालीं चार ओळी लिहूं देणारी जाहीर वही, एवढाच तिचा अर्थ. वही लिहिणें सोपें आहे. ती कोणाच्या घरांत ठेवावयाची, घराची किल्ली कोणाजवळ असावी, आणि लिहिणारा पदवी घेऊन निघून गेल्यावर वहीचें काय करावयाचें, हे प्रश्न मात्र सोपे नाहींत. बहुतेक ठिकाणीं त्यांचा विचार उलट्या क्रमानें होतो. घर आधीं घेतलें जातें, किल्ल्या मागाहून मोजल्या जातात, आणि निरोपाचा दिवस उजाडल्यावर सामान कसें हलवावयाचें याची चौकशी सुरू होते.

या वाटेनें प्रथम गेलेल्या मोठ्या विद्यापीठांपैकीं एक अमेरिकेंतील हार्वर्ड. तेथील विधि-विद्यालयाच्या बर्कमन सेंटर या अभ्यासकेंद्रांत २००३ सालीं डेव्ह वायनर हा संगणकतज्ज्ञ फेलो म्हणून आला. ब्लॉगलेखनाच्या पहिल्या पिढींतील हा एक प्रमुख माणूस. त्याच्याच कंपनीनें तयार केलेल्या ‘मनिला’ या सॉफ्टवेअरवर हार्वर्डच्या अनुदिन्या सुरू झाल्या, आणि नियम असा ठरला कीं हार्वर्डचा ई-मेल पत्ता ज्याच्याजवळ असेल त्याला अनुदिनी मिळावी. प्राध्यापक, विद्यार्थी, कचेरींतला कारकून असा पंक्तिभेद नव्हता. पुढें मनिला मागें पडलें आणि वर्डप्रेस आलें. नियम उदार होता यांत शंका नाहीं. परंतु ई-मेल पत्ता संपला म्हणजे अनुदिनीचें काय, हा प्रश्न अशा नियमाच्या पोटांतच दडलेला असतो.

पुढच्याच वर्षीं, एप्रिल २००४ मध्यें, मिनेसोटा विद्यापीठानें ‘यूथिंक’ नांवाची व्यवस्था उभी केली. तिची विशेष गोष्ट अशी कीं ती संगणक-खात्यानें उभी केली नव्हती, प्रसिद्धि-खात्यानेंही नव्हे. ती ग्रंथालयानें उभी केली. ग्रंथपालांचे हेतु दोन होते. विचारस्वातंत्र्याला वाव देणें हें ग्रंथालयाचें जुनेंच व्रत आहे, हा एक. आणि विद्यापीठांत त्या काळीं लोक काय विचार करीत होते याची नोंद पुढच्यांसाठीं राखून ठेवावी, हा दुसरा. संगणक-खातें एखाद्या व्यवस्थेबद्दल ‘ती आज चालते काय?’ असें विचारतें. ग्रंथपाल ‘पन्नास वर्षांनीं सांपडेल काय?’ असें विचारतो. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु विद्यापीठाच्या ज्या बैठकींत अशा व्यवस्थेची निवड होते तींत पहिला प्रश्न विचारणारे पांच जण असतात आणि दुसरा विचारणाऱ्याला बहुधा बोलावणेंच गेलेलें नसतें.

यूथिंकसाठीं ‘मूव्हेबल टाइप’ हें सॉफ्टवेअर निवडलें गेलें. बेन आणि मीना ट्रॉट या तरुण दांपत्यानें २००१ सालीं केलेलें हें सॉफ्टवेअर त्या वेळीं सर्वांत नामांकित होतें, आणि निवड करणाऱ्यांना दोष देण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. परंतु यूथिंक सुरू होऊन महिना होतो न होतो तोंच, मे २००४ मध्यें, मूव्हेबल टाइपची नवी आवृत्ति जाहीर झाली आणि तिच्याबरोबर परवान्याचे नवे दर आले. लेखक किती आणि अनुदिन्या किती, या मोजणीवर दाम ठरूं लागला. एकट्यादुकट्या माणसाच्याही ते जिवावर आलें. मग हजारों मुलांना मोकळें दार ठेवूं पाहणाऱ्या संस्थेला डोकी मोजून पैसे भरणें म्हणजे सदावर्तावर जकात. असंख्य लोक त्या महिन्यांत तें सॉफ्टवेअर सोडून गेले. यूथिंक तेवढ्यानें बंद पडलें नाहीं, तें कितीएक वर्षें चाललें. मूव्हेबल टाइप मात्र हातोहात फिरत राहिलें: २००७ सालीं त्याची मुक्त आवृत्ति निघाली, २०१० नंतर त्याची मालकी जपानकडे गेली, आणि २०१३ मध्यें मुक्त आवृत्तीही थांबली. यूथिंकही आतां चालू नाहीं. नऊ वर्षांत इतकीं स्थित्यंतरें! विद्यापीठाच्या आयुष्यांत नऊ वर्षें म्हणजे काय? एखाद्या प्राध्यापकाची बढतीसुद्धां तेवढ्यांत होत नाहीं.

मग अनुदिन्या ठेवाव्या कोठें? एक मार्ग धर्मशाळेचा. एखादी कंपनी फुकट जागा देते. विद्यार्थ्यांनीं तेथें जाऊन लिहावें, विद्यापीठाला कसलाही खर्च नाहीं. ‘पोस्टरस’ नांवाची अशी एक सोपी आणि लोकप्रिय सेवा २००८ सालीं सुरू झाली. मार्च २०१२ मध्यें ट्विटर कंपनीनें ती विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ रोजीं ती बंद झाली. ज्यांनीं मुदतींत आपलें लिखाण उतरवून घेतलें त्यांचें वांचलें. धर्मशाळेंत उतरणाऱ्यानें गादी उचलण्याची तयारी ठेवावी, याहून अधिक त्याबद्दल बोलण्याजोगें नाहीं.

भाड्याच्या घराची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें जेम्स फार्मर यानें २००५ सालीं ‘एज्युब्लॉग्ज’ ही संस्था केवळ शिक्षणासाठीं काढली. शाळामहाविद्यालयांनीं ठराविक वर्गणी भरावी आणि व्यवस्थेची सारी यातायात संस्थेनें पाहावी, हा तिचा धंदा. आणि तो ती चांगला करते. १० ऑक्टोबर २०१२ रोजीं या संस्थेवरील साडेचौदा लाख अनुदिन्या एकाएकीं दिसेनाशा झाल्या. कारण ऐकण्यासारखें आहे. पांच वर्षांपूर्वीं, २००७ सालीं, एका शिक्षकानें आपल्या वर्गासाठीं बेक या मनोविकारतज्ज्ञाची एक प्रश्नावली अनुदिनींत उतरविली होती. माणसाच्या मनांत निराशेनें किती घर केलें आहे हें पाहण्यासाठीं १९७४ सालीं तयार झालेली ही प्रश्नावली. तींत प्रश्न अवघे वीस. तिचे हक्क ज्या प्रकाशनसंस्थेकडे होते तिनें अमेरिकेंतील १९९८ च्या कायद्याप्रमाणें नोटीस धाडली. एज्युब्लॉग्जनें तें पान काढलें. परंतु यंत्राच्या तात्पुरत्या साठ्यांत त्याची एक प्रत पडून राहिली होती. ज्या कंपनीच्या सर्व्हरांवर एज्युब्लॉग्जचा संसार होता तिला ती प्रत सांपडली आणि तिनें सगळे सर्व्हरच बंद केले. सुमारें तासाभरानें ते पुन्हा सुरू झाले हें खरें. पण त्या तासांत लाखों शिक्षकांच्या आणि मुलांच्या वह्यांवर जें कुलूप पडलें होतें, त्याची किल्ली त्या शिक्षकांजवळ नव्हती, त्यांच्या शाळांजवळ नव्हती, आणि ज्या संस्थेला त्यांनीं भाडें दिलें होतें तिच्याजवळही नव्हती. घरमालकाच्या मागें दुसरा घरमालक असतो, हें भाडेचिठ्ठीवर लिहिलेलें नसतें. तें विचारून घ्यावें लागतें.

यावरून भाड्याचें घर नकोच असा अर्थ काढणें चुकीचें होईल. ज्या महाविद्यालयांत संगणकाचा जाणता माणूस एकच, आणि तोही परीक्षेच्या दिवसांत गुणपत्रिका छापण्यांत बुडालेला, त्यानें स्वतःचा सर्व्हर मांडून बसणें म्हणजे विहीर नसतांना मोट विकत घेणें होय. तेथें भाडेंच बरें. मात्र वर्गणी भरण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी असाव्या: मजकूर प्रत्यक्ष कोणाच्या यंत्रावर राहतो, तक्रार आली तर एक पान बंद होतें कीं सारी वस्ती, आणि करार संपल्यावर सामान नेण्यास किती दिवस मिळतात.

आणखी एक मार्ग स्वतः घर बांधण्याचा. इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठानें २००४ सालीं तो धरला आणि आपल्या प्रोग्रामरांकडून स्वतःचें ब्लॉग-सॉफ्टवेअर लिहून घेतलें. त्यांत एक सोय फार चांगली होती. विद्यापीठाच्या पटाशीं व्यवस्था जोडलेली असल्यामुळें, हा मजकूर सर्वांनीं वाचावा, हा केवळ आपल्या वर्गानें वाचावा, हा फक्त मार्गदर्शक प्राध्यापकांनीं वाचावा, असें लेखकाला नोंदीगणिक ठरवितां येई. स्वतः शिवलेला अंगरखा अंगाला नीट बसतो, त्यांतलाच हा प्रकार. परंतु शिंपी नोकरी सोडून गेला म्हणजे तो उसवल्यावर टांका घालणारा मिळत नाहीं. अशी स्वतंत्र व्यवस्था पेलणें थोड्याच विद्यापीठांना शक्य असतें.

राहिला तो मार्ग आज सर्वांत रुळलेला आहे: मुक्त परवान्याचें सॉफ्टवेअर घ्यावें आणि तें आपल्या किंवा भाड्यानें घेतलेल्या यंत्रावर स्वतः चालवावें. जगांतील सर्व संकेतस्थळांपैकीं दोन-पंचमांशाहून अधिक स्थळें आज ज्या वर्डप्रेसवर चालतात तें या जातीचें. त्याचा जन्मच मोठा बोधप्रद आहे. ‘बी-टू’ नांवाचें एक ब्लॉग-सॉफ्टवेअर मिशेल वालद्रिगी या गृहस्थानें लिहिलें होतें. २००२ च्या सुमारास तो दिसेनासा झाला; सुधारणा थांबल्या. जानेवारी २००३ मध्यें ह्यूस्टनचा एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, मॅट मलनवेग, यानें आपल्या अनुदिनींत याबद्दल चिंता व्यक्त केली, आणि त्या नोंदीखालीं इंग्लंडांतील माइक लिटल यानें ‘काम पुढें नेणार असशील तर मीही आहें’ अशा आशयाच्या दोन ओळी लिहिल्या. २७ मे २००३ रोजीं वर्डप्रेसची पहिली आवृत्ति निघाली. मूळ कर्ता गेला तरी काम अडलें नाहीं, कारण परवान्यानेंच तें दुसऱ्यास उचलण्याचा हक्क दिलेला होता. विद्यापीठानें सॉफ्टवेअर निवडतांना सोयींची लांबलचक यादी तपासण्यापेक्षां ही एक कसोटी आधीं लावावी.

तथापि मुक्त म्हणजे निर्धास्त नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्यें वर्डप्रेसच्या चालकांत आणि त्यावर धंदा करणाऱ्या एका मोठ्या कंपनींत वितुष्ट आलें आणि वर्डप्रेसच्या मुख्य भांडारांतून त्या कंपनीला होणारा सुधारणांचा पुरवठा तोडण्यांत आला. भांडणाशीं ज्यांचा कांहींही संबंध नव्हता असे तिचे गिऱ्हाईक मध्यें सांपडले. डिसेंबरांत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें अंतरिम आदेश दिल्यावर तो पुरवठा पूर्ववत् झाला. सॉफ्टवेअर मुक्त असलें तरी तें ज्या दुकानांतून रोज येतें त्या दुकानाला दार असतें आणि दाराला कडी असते.

एका वर्डप्रेसमध्यें हजारों अनुदिन्या कशा राहतात हें समजून घ्यावयाचें तर गिरगांवांतली चाळ आठवावी. छप्पर एक, पाण्याची टांकी एक, जिना एक. खोल्या निराळ्या आणि प्रत्येकीच्या दारावर निराळी पाटी. पूर्वीं यासाठीं वर्डप्रेसची वेगळी आवृत्ति असे. जून २०१० मध्यें ती मुख्य सॉफ्टवेअरमध्येंच विलीन झाली. सभासदांची नोंदवही सगळ्यांची मिळून एकच असते; परंतु प्रत्येक नव्या अनुदिनीबरोबर डेटाबेसमध्यें सुमारें दहा नवे तक्ते तयार होतात. पांच हजार अनुदिन्या झाल्या म्हणजे तक्ते पन्नास हजार! यांतल्या कितीएकींत, सॉफ्टवेअरनें आपण होऊन घातलेली ‘नमस्कार’ म्हणणारी पहिली नोंद सोडली तर, अक्षरही लिहिलेलें नसतें. सत्रारंभीं उत्साहानें खोली घ्यावी, पाटी लावावी आणि पुन्हा कधीं फिरकूं नये, असे भाडेकरू चाळींत कांहीं कमी नसतात. त्या रिकाम्या खोल्यांचीही झाडलोट व्यवस्थापकालाच करावी लागते. न केली तर तेथें जाहिरातबाजांचीं कोळिष्टकें धरतात. वाचकांच्या अभिप्रायाच्या जागेंत औषधें, जुगार आणि कर्जें यांच्या जाहिराती यंत्रांकडून रात्रंदिवस टाकल्या जातात. त्या अडविणारी चाळणी २००५ पासून मिळते. परंतु ज्या अनुदिनीला मालकच उरला नाहीं तिच्या अभिप्रायाचें दार सरळ बंद करणें, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चाळीच्या व्यवस्थेंत तंटा होतो तो बहुधा प्लगिनांवरून. प्लगिन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडावयाचा जादा भाग. एका प्राध्यापकांना नकाशा हवा असतो, दुसऱ्यांना गणिताचीं सूत्रें, तिसऱ्यांना पान उघडतांच हलणारीं चित्रें. प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर रास्तच दिसते. परंतु एका खोलींतली सदोष शेगडी सगळी चाळ पेटवूं शकते. एका प्लगिनांतल्या भोंकांतून शिरलेला चोर सर्वांच्या सामाईक नोंदवहीपर्यंत पोंचतो. म्हणून प्लगिन बसविण्याचा अधिकार मुख्य चालकाकडेच असतो, आणि तो तसाच असावा. मात्र ‘नाहीं’ म्हणणाऱ्यानें तें कां, हें आठवड्याच्या आंत कळविलें पाहिजे. उत्तरच येत नाहीं असें दिसलें कीं प्राध्यापक निमूटपणें बाहेरच्या धर्मशाळेंत बिऱ्हाड हलवितात, आणि वर्गांतलीं चाळीस मुलें त्यांच्यामागोमाग जातात.

मुलांचा विषय निघाला म्हणजे नांवांचा प्रश्न येतो. अमेरिकेंत १९७४ पासून असा कायदा आहे कीं विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीवांचून उघड करूं नयेत. याचा सरळ अर्थ, गुण आणि शेरे अनुदिनींत कधींच येतां कामा नयेत, आणि ज्याला खऱ्या नांवानें लिहावयाचें नसेल त्याला टोपणनांव घेण्याची मुभा असावी. भारतांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. त्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलें आहे. महाराष्ट्रांत अकरावी-बारावीचे वर्ग कितीएक महाविद्यालयांच्या एकाच आवारांत भरतात. तेव्हां अनुदिनी काढणाऱ्या महाविद्यालयाला पटावरचें वयही पाहावें लागेल. कायदा बाजूला ठेवला तरी अठराव्या वर्षीं आवेशानें लिहिलेलें मत तिसाव्या वर्षीं नोकरीच्या मुलाखतींत समोर यावें, हें कोणालाच नको असतें. आपलें लिखाण मागे घेण्याचा अर्ज कोणाकडे करावयाचा, त्या माणसाचें पद अनुदिनीच्या पायथ्याशीं छापलेलें असावें. नुसतें पद, कारण माणसें बदलतात.

वाचकांत आंधळे आणि बहिरेही असतात, याचा विसर विद्यापीठांना पडतो आणि तो महाग जातो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें फुकट खुल्या केलेल्या व्याख्यानांना शब्दपट्टी नाहीं, म्हणून बहिऱ्यांना तीं निरुपयोगी आहेत, अशी तक्रार झाली. २०१६ सालीं सरकारच्या न्यायखात्यानें ती मान्य केली. सुधारणेचा खर्च पाहून विद्यापीठानें मार्च २०१७ पासून वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती जनतेसाठीं बंद केल्या. बहिऱ्यांनाही ऐकूं यावें म्हणून केलेल्या तक्रारीचा शेवट, कोणालाच ऐकूं येऊं नये, असा झाला! आरंभींच नियम केला असता तर ही पाळी आली नसती. अनुदिनींत चित्र घालतांना त्याखालीं दोन ओळींचें वर्णन लिहिण्यास अर्धें मिनिट लागतें. दहा वर्षांच्या चित्रांना तें मागाहून लिहावयाचें म्हणजे एक खातेंच उघडावें लागेल.

मराठीचा एखादा विभाग अनुदिनी काढूं म्हणेल तर त्याच्यासाठीं एक बारीकशी अडचण येथेंच सांगितलेली बरी. वर्डप्रेस मराठींत उपलब्ध आहे, आणि युनिकोडमुळें देवनागरी टंकण्याची जुनी रड आतां उरलेली नाहीं. परंतु लेखाच्या मथळ्यावरून सॉफ्टवेअर त्याचा पत्ता बनवितें, आणि त्या पत्त्यांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीसुद्धां धरून, नऊ रोमन खुणा लागतात. ‘विद्यापीठ’ या एका शब्दांत नऊ चिन्हें आहेत. म्हणजे एक्याऐंशी खुणा झाल्या. पत्त्याची मर्यादा दोनशेंची. बावीस चिन्हें झालीं कीं मथळा मध्येंच तुटतो, आणि ई-मेलनें धाडलेला पत्ता टक्क्यांच्या खुणांनीं भरलेला पाहून घेणारा तो उघडण्यासही भितो. उपाय सोपा आहे. मथळा मराठींत ठेवावा आणि पत्ता हातानें, दोनतीन शब्दांचा, रोमन लिपींत लिहावा. हें पहिल्या लेखापासून करावें. पत्ता मागाहून बदलला तर ज्यांनीं तो टिपून ठेवला त्यांची वाट चुकते.

आतां निरोपाचा प्रश्न. व्हर्जिनिया राज्यांतील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठानें २००७ सालीं वर्डप्रेसची अशी चाळ बांधली. जिम ग्रूम हा तिचा एक मुख्य शिल्पकार. चाळ भरली, गजबजली. पण विद्यार्थी खोलींत राहून जातो, खोली बरोबर नेऊं शकत नाहीं, ही खंत राहिलीच. म्हणून २०१३ सालीं त्या विद्यापीठानें नवी योजना काढली: प्रत्येक विद्यार्थ्याला जाळ्यावर त्याच्या स्वतःच्या नांवाचा पत्ता आणि थोडी जागा द्यावी, शिक्षण चालू असेतों खर्च विद्यापीठानें सोसावा, आणि पदवीनंतर मुलानें ती जागा स्वतःच्या खर्चानें चालवावी किंवा सामान उचलून दुसरीकडे न्यावें. व्हर्जिनिया वुल्फ हिच्या १९२९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नांवावर कोटी करून योजनेचें नांव ठेवलें गेलें; स्वतःच्या खोलीच्या ऐवजीं स्वतःचें क्षेत्र. यांत चाळीची स्वस्ताई नाहीं आणि मुलांना शिकवावेंही अधिक लागतें. परंतु किल्ली पहिल्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या हातांत असते, ही गोष्ट लहान नव्हे.

जेथें असें करणें शक्य नाहीं तेथें लिखाण बाहेर काढण्याची रीत तरी ठाऊक असावी. वर्डप्रेसमध्यें ‘एक्स्पोर्ट’ नांवाची एक कळ आहे. ती दाबली कीं सर्व नोंदी आणि अभिप्राय यांची एक फाइल हातीं पडते, आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. या निश्चिंतींत एक फसगत आहे. त्या फाइलींत शब्द असतात, चित्रें नसतात. चित्रांचे केवळ पत्ते असतात. नव्या ठिकाणीं ती फाइल भरतांना सॉफ्टवेअर जुन्या घरीं जाऊन त्या पत्त्यांवरून एकेक चित्र उचलून आणतें. जुनें घर तोंवर उभें असेल तर ठीक. तें पाडल्यावर फाइल उघडली तर वनस्पतिशास्त्राच्या मुलानें चार पावसाळे हिंडून काढलेल्या पानाफुलांच्या छायाचित्रांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसतात, आणि खालीं त्यांचीं लॅटिन नांवें.

व्यवस्था बंद करावयाची असेल तर चांगले चालक आणखी दोन गोष्टी करतात. चालू अनुदिन्यांची साधीं, निश्चल पानें करून ठेवतात. त्यांत नवें लिहितां येत नाहीं, शोधही चालत नाहीं, परंतु मागें कोणतेंही सॉफ्टवेअर नसल्यामुळें दुरुस्तीची गरज आणि चोरीची भीति या दोन्ही जवळजवळ संपतात. आणि ग्रंथालयाला बोलावतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेनें १९९६ पासून जाळ्यावरील पानें साठविण्याचें काम चालविलें आहे. संस्थांना आपापलीं पानें निवडून साठवितां यावीं अशी तिची वर्गणीची सोयही २००६ पासून आहे. मात्र पासवर्डाच्या आड असलेलीं पानें असला फिरता संग्राहक पाहूं शकत नाहीं. तीं कोणीतरी हातानेंच काढून द्यावीं लागतात.

ज्या विद्यापीठाला हें सारें अजून आरंभावयाचें आहे त्याच्यासाठीं दोन दिवसांची एक परीक्षा पुरेशी आहे. जी व्यवस्था पसंत पडली असेल तींत एक खोटी अनुदिनी उघडावी. दहा लेख लिहावे. कांहीं मराठींत, कांहीं इंग्रजींत. वीस चित्रें घालावीं, अभिप्राय लिहावे, एक लेख पासवर्डाआड ठेवावा. मग ज्यानें हें केलें नाहीं अशा दुसऱ्या माणसाला, संगणक-खात्यांतल्या नव्हे, मराठीच्या किंवा इतिहासाच्या विभागांतल्या, ती अनुदिनी दुसऱ्या ठिकाणीं हलविण्यास सांगावें. त्याचें काम संपलें असें तो म्हणाला कीं मूळ अनुदिनी पुसून टाकावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नवी उघडून चित्रें मोजावीं.